मूल सांभाळणाऱ्या बाईला शिकवणार कोण?

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाड्यांना जोडून राज्यात ३४५ पाळणाघरे सुरू करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले, एका केंद्रात जास्तीत जास्त २५, त्यांच्यासाठी एक पाळणासेविका आणि एक मदतनीस. महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. सेविकेला मानधन ५,५०० रुपये, मदतनिसाला ३,०००. बातम्यांमध्ये हे आकडे आले, किती केंद्रे आणि कुठे यावर चर्चाही झाली. त्या बाईला कामावर उभे करण्याआधी काय शिकवणार, किती दिवस शिकवणार आणि कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

आम्ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांमध्ये काम करतो. हा प्रश्न इथे दोन्ही बाजूंनी आपल्याच घरात येतो. कोळसेवाडी, नेतिवली, पाथर्ली, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर या भागांतली आपली एक बहीण सकाळची लोकल पकडून ठाण्याला किंवा दादरला कामाला जाते आणि मूल शेजारच्या मावशीकडे ठेवते. दुसरी बहीण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा डोंबिवलीच्या एखाद्या पाळणाघरात दुसऱ्यांची मुले सांभाळते. मूल ठेवणारीही आपली, सांभाळणारीही आपली. त्यामुळे ‘पाळणाघरवाल्यांवर कारवाई करा’ एवढे म्हणून आपल्याला सुटता येत नाही, आणि ‘गरीब बायकांच्या पोटावर पाय देऊ नका’ एवढ्यानेही भागत नाही.

जाता जाता एक हिशेब. कल्याणहून मुंबईला जाणाऱ्या बाईचे आठ तास काम आणि येण्याजाण्याचे किमान तीन तास धरले तर ती अकरा तास घराबाहेर असते. साडेसात तासांचे सरकारी पाळणाघर तिला पुरत नाही. म्हणजे ही केंद्रे सुरू झाली तरी खासगी पाळणाघर आणि वस्तीतली मावशी यांच्यावरचा भार हलणार नाही.

आता अलीकडच्या घटना बघा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केली, ती सीसीटीव्हीत दिसली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. २०२४ मध्ये डोंबिवलीत पाळणाघर चालवणाऱ्या दाम्पत्यावर मुलांना मारहाण केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली.

प्रत्येक वेळी सरकारचे पहिले उत्तर एकच होते : कॅमेरा. बदलापूरनंतर लगेच निघालेल्या शासन निर्णयात शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितले. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती याही गोष्टी त्यात आहेत आणि त्या हव्याच आहेत. पण कॅमेऱ्याला जे दिसते ते घडून गेलेले असते. तोही कुणी बघितला तर. खारघरचे चित्रण पुरावा म्हणून कामी आले, त्या बाळाला वाचवायला आले नाही. आणि पाळणाघरात होणारी बहुतेक इजा क्रौर्यातून होत नाही. ती न कळण्यातून होते, थकव्यातून होते, एका बाईच्या अंगावर पंधरा मुले असण्यातून होते. त्याला कॅमेऱ्यात गुन्हेगार सापडत नाही.

कायदा याबाबतीत आपल्याला वाटतो तेवढा मुका नाही. पोक्सो कायद्याखालचे २०२० चे नियम काढून बघा. तिसऱ्या नियमात शाळा आणि क्रीडा अकादमीच्या बरोबरीने पाळणाघराचे नाव थेट घेतले आहे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो की कंत्राटी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि बालसुरक्षेबाबत त्यांचे नियमित प्रशिक्षण घ्यायचे, ही जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. म्हणजे पाळणाघरातल्या बाईला प्रशिक्षण देणे ही मेहेरबानी नाही, कायदेशीर बंधन आहे. आपल्या भागातल्या किती पाळणाघरांना हा नियम माहीत आहे, हे विचारून बघण्यासारखे आहे. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या चालकांपैकी बहुतेकींनी तो पहिल्यांदाच ऐकला. त्यात त्यांचा दोष कमीच. त्यांच्यापर्यंत तो घेऊन जाणारा कोणी अधिकारीच ठरलेला नाही.

हीच खरी गोम आहे. खासगी पाळणाघर सुरू करायला महाराष्ट्रात परवाना देणारी, तपासणारी अशी एक खिडकी नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचीही गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की झाले. चार बायका मिळून वीस मुले सांभाळत असतील तर सरकारदरबारी ते केंद्र आणि कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान यांत फरक नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१७ मध्ये खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक नियमावली काढली. तिच्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी असावी असे आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे प्रवेशच नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची नोंद पोर्टलवर घ्यायला सुरुवात केली, तीही तीन ते सहा वयोगटाची. मग सहा महिन्यांचे, वर्षाचे, दोन वर्षांचे मूल कोणाच्या खात्यात? ज्याला बोलता येत नाही, घरी येऊन काही सांगता येत नाही, नेमके तेच मूल सगळ्या नोंदींच्या बाहेर राहिले आहे.

गंमत अशी की ‘प्रशिक्षित’ हा शब्द आपल्या कायद्यात जुना आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ४८ व्या कलमाने तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले आणि ते मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे असेही लिहून ठेवले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कामाच्या जागेसाठी तेच शब्द आले. त्याच्याही मागे जायचे तर बाबासाहेबांपर्यंत जावे लागते. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी आईच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्राच्या हिताशी जोडला आणि तिचा बराचसा भार सरकारने उचलावा असे मांडले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना खाणींमध्ये स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची तरतूद झाली, त्याचे नियम १९४६ मध्ये आले. आपण बाबासाहेबांचे कामगार कायदे म्हणताना कामाचे तास आणि प्रसूती रजा सांगतो. खाणीच्या तोंडाशी असलेले पाळणाघर सांगायचे राहून जाते.

आज काय झाले आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियम त्यांच्यात विरून गेला. तीस स्त्रियांचा निकष जाऊन पन्नास कामगारांचा निकष आला. स्त्री असो वा पुरुष, सगळे मोजायचे, हा बदल आम्हाला चांगला वाटतो, कारण मूल एकट्या आईचे नसते. पण आरोग्य व सुरक्षा संहितेच्या मूळ कलमात सोय आहे ती खोलीची. त्या खोलीत कोण बसणार हे नियमांवर सोडले आहे. जो शब्द १९४८ मध्ये कायद्याच्या पोटात होता तो आता नियमांच्या मर्जीवर आहे, आणि कामगार संघटनांनी राज्याच्या नियमांकडे या नजरेने बघायला हवे.

सरकारी बाजूला प्रशिक्षणाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविकेचे कामाचे मूळ प्रशिक्षण वर्षानुवर्षे २६ दिवसांचे होते आणि त्यात प्रत्यक्ष अंगणवाडीतला सराव होता. हे दिवस कमीच आहेत अशी तक्रार तेव्हाही होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मोठी उडी सांगितली : बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला वर्षाची पदविका. २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम आला. त्याचा अभ्यासक्रम वाईट नाही. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या ‘नवचेतना’ आराखड्यात ३६ महिन्यांसाठी वयानुसार १४० कृती दिल्या आहेत, त्या घरातल्या वाटी-चमच्यानेही करता येतात. पण हे सगळे सेविकेच्या हाती सोपवायला दिवस दिले तीन. धोरणात सहा महिने आणि प्रत्यक्षात तीन दिवस, एवढे हे अंतर आहे. ज्या सेविकेकडे आधीच पोषण आहाराच्या नोंदी, मोबाइल ॲप, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे आहेत, तिला तीन दिवसांत बालविकासतज्ज्ञ करून परत पाठवायचे, ही कल्पना दिल्लीतच सुचू शकते.

प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, याबाबत आपल्याकडे एक गैरसमज आहे. ‘त्यात काय शिकायचे, बाई आहे, मुले वाढवलीत’ असे पालकही म्हणतात आणि सांभाळणाऱ्या मावशीही. स्वतःची दोन मुले वाढवणे आणि दुसऱ्यांची बारा मुले एका खोलीत दिवसभर सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत.

घशात शेंगदाणा अडकला तर आपल्याकडे तोंडात बोट घालतात किंवा मुलाला उलटे धरून हलवतात. बोटाने तो दाणा आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्यायचे असतात. हे वाचून येत नाही. बाहुलीवर दहा वेळा केले तर हाताला लक्षात राहते, आणि वेळ आली तर हातात दोन-तीन मिनिटे असतात. मूल झोपावे म्हणून जायफळ उगाळून चाटवणे ही घरोघरची रीत. एखाद्या दिवशी मात्रा वाढली तर काय होते, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. वर्षाच्या आत मध चाटवू नये, लहान बाळाला उताणे झोपवावे, जुलाब झाले की एका लिटर पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी घालावी, अर्धी अर्धी करून अंदाजाने नको, अशा कितीतरी साध्या गोष्टी आहेत. चावणाऱ्या मुलाला परत चावून ‘अद्दल’ घडवू नये, हीसुद्धा सांगावी लागणारीच गोष्ट आहे.

दुसरा भाग सुरक्षेचा. मुलाला शौचाला कोण नेणार, कपडे बदलताना दार उघडे असावे, घ्यायला आलेला माणूस पालकांनी लिहून दिलेल्या यादीत आहे का, घरमालकाचा भाऊ दुपारी खोलीत का येतो. मुलाच्या अंगावर खूण दिसली किंवा ते अचानक एखाद्या माणसाला घाबरू लागले तर काय करायचे. पोक्सोच्या १९ व्या कलमानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. बाराशे-पंधराशे रुपयांवर काम करणाऱ्या मदतनिसाला हे कोणी सांगितले आहे? मालकिणीने ‘गप्प बस’ म्हटले तर तिने १०९८ वर फोन करावा, हे बळ तिला कुठून यायचे? ते प्रशिक्षणातूनच येते, आणि शिवाय नोकरीची शाश्वती असेल तर येते.

तिसरा भाग संख्येचा आहे, आणि इथे कितीही शिकवले तरी एका मर्यादेपुढे उपयोग नाही. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असावा लागतो. अमेरिकेत केंद्राचा निधी घेणाऱ्या पाळणाघरातल्या कर्मचाऱ्याला २०१४ च्या कायद्यानुसार रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत प्रथमोपचार, सुरक्षित झोप, संसर्ग टाळणे अशा विषयांची सुरुवातीची शिकवणी पूर्ण करावी लागते आणि पुढे दरवर्षी काही तास. त्या देशांचे सगळे उचलावे असे आमचे म्हणणे नाही, तिथे पाळणाघराचा खर्च आईच्या पगाराएवढा होतो हेही दिसतेच. पण २५ मुलांमागे दोन बायका, त्यातली एक स्वयंपाक आणि साफसफाईत गुंतलेली, हे गणित कुठल्याच शिकवणीने सुटणार नाही.

बाहेरचे दाखले द्यायचीही खरे तर गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. हा भाग आज पालघरमध्ये असला तरी २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जावे, हे त्यांनी केले. त्याबरोबरच सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बायका घडवण्याचे कामही केले. महागडी साधने नव्हती. होते ते शिकवणाऱ्यांसाठी दिलेले दिवस आणि महिने. ज्या जिल्ह्यातून अंगणवाडीची कल्पना देशभर गेली, तिथेच आज तीन दिवसांवर भागवले जाते.

आता आम्हाला ज्याची भीती वाटते ते सांगतो. उद्या एखादी मोठी घटना घडेल, गदारोळ होईल आणि घाईघाईत नियम येईल की पदविका असल्याशिवाय कोणी मूल सांभाळू नये. ऐकायला तो चांगला वाटेल. त्याचा पहिला फटका नेतिवलीच्या त्या मावशीला बसेल, जिने वीस वर्षांत शंभरावर मुले सांभाळली पण सातवीनंतर शाळा सुटली. फायदा होईल साखळीने चालणाऱ्या, फ्रँचायझी विकणाऱ्या डे-केअर कंपन्यांना. ‘पाळणा’ योजनेतही सेविकेला बारावी आणि मदतनिसाला दहावीची अट आहे. अट असण्याला आमचा विरोध नाही. पण वाटेवर शिडी न ठेवता दार उंच केले की आत कोण येते आणि बाहेर कोण राहते, हे आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही. आधीच कामाला ठेवताना आडनाव विचारले जाते, स्वयंपाकाला वेगळी बाई आणि मुलाचे लंगोट धुवायला वेगळी अशी वाटणी होते. प्रमाणपत्राच्या नावाखाली ही वाटणी पक्की होऊ नये.

म्हणून अनुभवाला मान्यता देणारी वाट हवी. कौशल्य विकासाच्या योजनांमध्ये आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, गवंडी आणि शिंपी यांना ती मिळते. ती मुले सांभाळणाऱ्या बायकांना का मिळू नये? काम करता करता, रविवारी, वस्तीतच, मराठीत, आठ-दहा आठवड्यांची शिकवणी आणि शेवटी हाताने करून दाखवायची परीक्षा. सातवी शिकलेली बाई ती पास होऊ शकते. बार्टी अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी कौशल्य प्रशिक्षणे घेते, त्यांच्या यादीत बालसंगोपन ठळकपणे यायला हवे. ज्या मुली बारावी झाल्या आहेत त्यांच्यासाठी इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध आहे. आपल्या वस्त्यांतल्या मुलींना एमपीएससीच्या वर्गांची जाहिरात दिसते, हिची दिसत नाही.

आणि पैसा. ५,५०० भागिले २६ केले तर पाळणासेविकेला दिवसाला २१२ रुपयेही पडत नाहीत. मदतनिसाला ११५. एवढ्यावर कोणती प्रशिक्षित बाई टिकेल? शिकेल, प्रमाणपत्र घेईल आणि टॉवरमधल्या घरी दुप्पट पगारावर जाईल, आणि तिचे बरोबरच असेल. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो कष्टकरी वर्गातला असावा आणि त्याला धड पगार असावा, या तिन्ही गोष्टी एका दमात मागितल्या होत्या. आपण त्यातली एकेक सुटी करून मागतो. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. राज्यातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, त्या काळात आपल्यापैकी किती संघटना त्यांच्या मांडवात गेल्या? ‘मानधन’ हा शब्द गळ्यात असेपर्यंत तिला कामगार मानले जाणार नाही, आणि कामगार मानले नाही तर तिच्या शिक्षणावर खर्च करायला कोणी तयार होणार नाही.

कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होते. १५ जानेवारी २०२६ ला निवडणुका झाल्या, आता प्रश्न विचारायला प्रभागात नगरसेवक आहेत आणि महापालिकेत महिला व बालकल्याण समितीची जागा आहे. या समितीच्या पैशातून वर्षानुवर्षे शिवणयंत्रे आणि ब्यूटी पार्लरचे वर्ग झाले. त्यातला एक हिस्सा पाळणाघर चालवणाऱ्या आणि त्यात राबणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणाला द्या, ही मागणी एका पानावर लिहून देता येते. महापालिकेच्या रुग्णालयातल्या परिचारिका प्रथमोपचार शिकवू शकतात, जागा म्हणून दुपारी रिकामी असणारी आपली विहारे आहेतच. प्रभागातल्या पाळणाघरांची साधी यादी करणे, चालकांना २०२० च्या नियमांची मराठी प्रत नेऊन देणे, हे काम पाच तरुणांचा गट दोन रविवारांत करू शकतो. यादी पोलिसांना घाबरवायला नको. चालकाशी आधी बोलून, तिच्या अडचणी ऐकून करायची आहे. भाडे, सोसायटीचा विरोध, वेळेवर न येणारे पालक, फी थकवणारे पालक, हे सगळे त्या सांगतात आणि ते ऐकण्यासारखे असते.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे आणि नागरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात विचारायचे प्रश्नही फार नाहीत. ३४५ पैकी ठाणे जिल्ह्यात किती पाळणाघरे मंजूर झाली आणि कोणत्या वस्त्यांत, सेविका आणि मदतनिसांच्या प्रशिक्षणाचे दिवस किती आणि अभ्यासक्रम कोणता, तो कोणत्या संस्थेने घेतला, रुजू होण्याआधी घेतला की नंतर, पोलीस पडताळणी किती जणींची झाली. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.